लेक चिअर संघात बॅकस्पॉट आहे, आता तिला कोच व्हायचंय

केतकी_मिडवेस्ट

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. थोडं लांबेल, पण मोकळेपणानं लिहायचंय.

आम्ही मूळचे सांगलीचे, बावीस वर्षं झाली अमेरिकेत येऊन. धाकटी लेक इथल्या एका सरकारी विद्यापीठात काइनेसिऑलॉजीच्या, म्हणजे शरीराच्या हालचालींच्या शास्त्राच्या, शेवटच्या वर्षाला आहे आणि पहिल्या वर्षापासून विद्यापीठाच्या चिअर, म्हणजे चिअरलीडिंगच्या, संघात आहे. मे महिन्यात पदवी होईल. तिच्या हेड कोचनी तिला बोलावून विचारलं, की मास्टर्स इथंच कर आणि ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून संघाचं काम माझ्याबरोबर बघ. फी माफ, वर महिन्याला थोडे पैसे. लेकीचं मनातून ठरलेलंच आहे. सांगलीहून सासऱ्यांचा फोन आला, "अगं, नाचायला शिकवायला मास्टर्स कशाला लागतं?"

मला त्यांचा राग आला नाही. चार वर्षांपूर्वी मलाही यातलं काही माहीत नव्हतं. आपल्या डोळ्यांसमोर २००८ ची आयपीएल येते, सीमारेषेजवळच्या मुली आणि त्यावरून उठलेला गदारोळ. विद्यापीठांच्या स्पर्धेत उतरणारे संघ ही वेगळीच गोष्ट आहे. फुटबॉल-बास्केटबॉलच्या सामन्यांना ते उभे राहतात हे खरं, पण वर्षभराची खरी तयारी असते ती राष्ट्रीय स्पर्धेसाठी. इथे यूसीए आणि एनसीए या दोन चिअर संस्थांच्या दोन मोठ्या स्पर्धा आहेत. एक जानेवारीत ऑरलँडोला डिस्नी वर्ल्डमध्ये होते, ती यूसीएची. दुसरी एनसीएची, एप्रिलमध्ये फ्लोरिडातच डेटोना बीचला, समुद्राकाठच्या बँडशेलवर, म्हणजे उघड्या रंगमंचावर. लेकीचा संघ डेटोनाला जातो. चोपन्न फूट बाय बेचाळीस फुटांची मॅट, खाली स्प्रिंग नाही, आणि सव्वादोन मिनिटांचं रुटीन. ऑगस्टपासून एप्रिलपर्यंत जे केलं ते त्या सव्वादोन मिनिटांत दिसतं किंवा दिसत नाही.

लेक बॅकस्पॉट आहे. म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही ते कळायला वर्ष लागलं. स्टंट म्हणजे एकीला बाकीच्यांनी उचलून वर धरायचं. त्यात वर जाते ती फ्लायर. खाली दोन बेस, एकेकीच्या हातात फ्लायरचा एकेक पाय. आणि फ्लायरच्या पाठीमागे उभी असते ती बॅकस्पॉट. मोजायचं तिनं, वर ढकलताना जोर तिचा, वर गेल्यावर घोट्याला आधार तिचा, आणि फ्लायर खाली आली की डोकं, मान, खांदे जमिनीला लागू द्यायचे नाहीत हेही तिचंच काम. उंच मुलींना तिथे उभं करतात. आमची पाच फूट नऊ इंच आहे. फोटोत वरची दिसते, बेसचे चेहरेही दिसतात. बॅकस्पॉटचे फक्त हात दिसतात. माझ्याकडे तिचे चार वर्षांचे फोटो आहेत, त्यातल्या निम्म्यांत मला तिचं मनगट तेवढं ओळखू येतं, निळ्या टेपवरून.

आता जे मनात आहे ते लिहिते. पहिल्या वर्षी फेब्रुवारीत सरावाला फ्लायर गिरकी घेत खाली आली आणि तिचं कोपर लेकीच्या डाव्या भुवईवर बसलं. हेड कोच त्या दिवशी नव्हते, ट्रेनर, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती बघणारा माणूस, सरावाला येतच नसे. सराव घेत असलेले असिस्टंट कोच म्हणाले, पाणी पी, पाच मिनिटं बस. पाच मिनिटांनी ती उठली आणि दोनदा फुल आउट केलं, म्हणजे अख्खं रुटीन, सगळ्या उड्यांसकट, पूर्ण जोर लावून. रात्री फोनवर मला म्हणाली, "आई, दिवा बंद केला तरी डोळ्यांत उजेड टोचतोय." तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेली. कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. सहा आठवडे संघाबाहेर, पहिला पंधरवडा पुस्तकही वाचवत नव्हतं.

विद्यापीठाचं किंवा त्या कोचचं नाव मी घेणार नाही. ते दुष्ट होते असंही मला वाटत नाही. डेटोना दोन महिन्यांवर आलं होतं आणि त्यांना थांबवणारं तिथे कुणी नव्हतं. लेकीनं स्वतः का नाही थांबवलं, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मी खाली बसले असते तर फ्लायरच्या मागे कोण उभं राहिलं असतं?"

दुसऱ्या वर्षी कोच बदलले. नव्या हेड कोच आल्या, त्यांनी आपले दोन असिस्टंट आणले, आणि स्टंट असलेल्या प्रत्येक सरावाला ॲथलेटिक ट्रेनर हजर हवा असं विद्यापीठाकडून लिहून घेतलं. फॅमिली वीकेंडला मी सराव बघायला गेले. पहिली चाळीस मिनिटं कुणी कुणाला उचललंच नाही. नंतर उचललं ते फक्त कमरेपर्यंत, मग खांद्यापर्यंत, मग पूर्ण वर. संघाला त्यांनी एक नियम दिलाय, "डाउन" हा शब्द कुणीही उच्चारायचा. बेसनं, फ्लायरनं, बाजूला उभ्या राखीव मुलीनं, कुणीही. उच्चारला की स्टंट खाली, त्याच क्षणी. चर्चा नंतर.

मी बसले असताना तसं घडलं. पिरॅमिड लागत होता आणि कडेला उभी एक पहिल्या वर्षाची मुलगी ओरडली, "डाउन!" सगळा मनोरा दोन सेकंदांत हातांवर उतरला. सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या, ती लाल झाली. कोच तिच्याजवळ गेल्या. "काय दिसलं तुला?" "तिची टाच हलली." "बरं. पुन्हा लावा." एवढंच. त्या दिवशी मला कळलं कोच म्हणजे काय.

तर मंडळी, इथं कुणाची मुलं अशा संघात आहेत का? कोच म्हणून यात पुढे काय आहे? आणि सासऱ्यांना नीट समजावायचंय, तेही सांगा. त्यांच्या शब्दाला आमच्या घरात किंमत आहे.

---

मंदार_ह्यूस्टन

ताई, धागा एका दमात वाचला. आमच्या टेक्सासमध्ये याचं केवढं प्रस्थ आहे ते रोज बघतोय, पण आत काय चालतं ते आज कळलं. आमच्यापासून तीन-साडेतीन तासांवर कोर्सिकाना गाव आहे, तिथलं नव्हारो कॉलेज दोन वर्षांचं छोटं कॉलेज, पण डेटोनाची कितीतरी विजेतेपदं त्यांच्याकडे आहेत. चाळीसेक मुलं-मुली संघात आणि मॅटवर वीस. बाकीच्यांनी वर्षभर तेवढंच घाम गाळून बाहेर उभं राहायचं. कुणाला आत घ्यायचं हा निर्णय कोचचा. तुमच्या लेकीला उद्या तेही करावं लागेल.

एक विचारतो. एका संघाला एवढे कोच कशाला? कोण काय करतं?

---

केतकी_मिडवेस्ट

मंदार, प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. आमच्याकडे हेड कोच एक. संघ निवडणं, कुणाला कुठे उभं करायचं, रुटीनमध्ये किती अवघड गोष्टी घालायच्या आणि किती गाळायच्या, हे त्यांचं. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. अवघड स्टंटला गुण जास्त, पण पडला तर वजा होतात, आणि पडणारं माणूस असतं. एक असिस्टंट स्टंट बघतात, दुसरे टंबलिंग, म्हणजे कोलांट्या, हँडस्प्रिंग वगैरे. नृत्यदिग्दर्शक बाहेरचे, उन्हाळ्यात चार दिवस येऊन रुटीन बसवून जातात. ताकदीचे व्यायाम घेणारे विद्यापीठाचे असतात, त्यांच्याकडे बाकी खेळांचे संघही असतात, त्यामुळे चिअरला मिळते ती पहाटे साडेपाचची वेळ. शिवाय ट्रेनर. लेक जाणार ती असिस्टंटच्याही खालच्या पायरीवर: व्हिडिओ काढणं, नव्या मुलींचे गट सांभाळणं, प्रवासाची कागदपत्रं, कुणाचा पेपर कधी आहे याचा तक्ता. आणि स्टंटच्या वेळी मागे उभं राहणं. ते सुटत नाही.

---

अनघा_पीटी

मी ओहायोत फिजिओथेरपिस्ट आहे, आधी सहा वर्षं एका कॉलेजच्या खेळाडूंबरोबर काम केलंय. म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

केतकीताई, लेक सहा आठवड्यांत बरी झाली हे नशीब. कन्कशन झालेल्या मेंदूला सावरण्याआधी दुसरा मार बसला तर तो पहिल्यापेक्षा कितीतरी घातक ठरू शकतो. "पाच मिनिटं बस" हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो. नियम साधा आहे: नुसता संशय आला तरी त्या दिवशी खेळ बंद. परत यायचं ते पायरीपायरीनं. आधी चालणं, मग सायकल, मग उड्या, मग जमिनीवरचे स्टंट, आणि प्रत्येक पायरीवर डोकं दुखत नाही ना ते बघायचं. निर्णय डॉक्टरांचा किंवा ट्रेनरचा. कोचचा नाही, मुलीचा तर अजिबात नाही, कारण ती "मी ठीक आहे" असंच म्हणणार.

चिअरमध्ये एकंदर दुखापती इतर खेळांपेक्षा कमीच असतात. पण ज्या होतात त्यातल्या काही भयंकर असतात. चॅपल हिलला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातलं केंद्र १९८२ पासून शाळा-कॉलेजच्या खेळांतल्या प्राणघातक आणि कायमचं अपंगत्व आणणाऱ्या दुखापतींची नोंद ठेवतं. मुलींच्या खेळांत अशा ज्या दुखापती झाल्या, त्यांतल्या निम्म्याहून जास्त एकट्या चिअरमधल्या निघाल्या. म्हणून २०१२ मध्ये इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं जाहीरच सांगितलं, की चिअरला खेळ म्हणून मान्यता द्या, म्हणजे शिकलेले कोच, वैद्यकीय तपासणी, ट्रेनर हे सगळं त्यांनाही मिळेल.

२००६ मधला प्रसंग काहींना आठवत असेल. सदर्न इलिनॉय विद्यापीठाची चिअरलीडर सेंट लुइसला बास्केटबॉल सामन्यात साधारण पंधरा फुटांवरून डोक्यावर पडली. मानेच्या मणक्याला इजा, कन्कशन. स्ट्रेचरवर पट्ट्यांनी बांधून बाहेर नेत असताना बँडनं विद्यापीठाचं गाणं वाजवलं आणि ती पडल्यापडल्या हातांनी त्या हालचाली करत राहिली. देशभर तिचं कौतुक झालं. मुलगी धीराची, वादच नाही. पण मला ते दृश्य बघवत नाही. मान दुखावलेल्या माणसानं निश्चल पडून राहायचं असतं, आणि आपल्या लोकांना त्याच क्षणी टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. त्यानंतर मॅट नसलेल्या बास्केटबॉल कोर्टवर उंच पिरॅमिडवर बंदी आली. तीही एक मुलगी पडल्यावर.

लेकीला म्हणावं, काइनेसिऑलॉजी शिकलेली कोच या खेळाला हवीच आहे.

---

दादरचा_सदाशिव

ताई, मी गोविंदा पथकात वीस वर्षं. आता गुडघा साथ देत नाही म्हणून पोरांना शिकवतो.

तुमची लेक मागे उभी राहते ना, ते वाचून हात जोडले. आमच्याकडे एक्का वर चढतो, हंडी फोडतो, टीव्हीवर त्याचा चेहरा. खालच्या थराला कोण विचारतो? खालचा माणूस मान खाली घालून, डोळे मिटून उभा असतो. वर काय चाललंय ते त्याला दिसत नाही, अंगावरच्या वजनावरून कळतं. वजन सरकलं की समजायचं वर कुणीतरी डगमगतोय.

गुरुपौर्णिमेला आमचा सराव सुरू होतो. नव्या पोरांना आधी थर उतरवायला शिकवतो. लावणं सोपं आहे, उत्साहात लागतो. उतरवताना माणूस दमलेला असतो, आणि हातपाय मोडतात ते तेव्हाच. तुमच्या कोचबाई आधी कमरेपर्यंतच उचलायला लावतात, त्या बरोबर करतात.

कोर्टकचेरी आम्हीही पाहिली. २०१४ साली हायकोर्टानं वीस फुटांची मर्यादा घातली आणि अठराच्या आतल्या पोरांना बंदी केली. २०१७ ला उंचीची मर्यादा गेली, चौदाच्या खालच्यांवर बंदी राहिली. तेव्हा आम्ही खूप चिडलो होतो. आज सांगतो, लहानग्यांना वर चढवायचं थांबलं ते चांगलंच झालं. २०२२ ला सरकारनं साहसी खेळाचा दर्जा दिला, आता विम्याची चौकशी तरी होते. पूर्वी पोरगा पडला की पथकातलीच माणसं टोपी फिरवायची.

आजोबांना माझ्या वतीनं सांगा. नाचायला शिकवायचं नाहीये, माणूस झेलायला शिकवायचंय.

---

केतकी_मिडवेस्ट

सदाशिवदादा, तुमचं शेवटचं वाक्य सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "ती मागे उभी राहते, म्हणजे जबाबदारी तिची, असंच ना?" एवढं विचारलं म्हणजे माझ्यासाठी खूप आहे.

---

विश्वास_कोथरूड

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नये. पंधरा फुटांवरून पडायची शक्यता आहे, मेंदूला मार बसतो, हे तुम्हीच लिहिताय. मग मुलीला यातून बाहेर काढायचं सोडून आणखी दोन वर्षं त्यातच? काइनेसिऑलॉजी झालंय तर फिजिओथेरपीला पाठवा. कोचची नोकरी किती दिवसांची? संघ हरला की पहिला कोच जातो.

---

केतकी_मिडवेस्ट

विश्वासराव, राग कसला. या घरात हे सगळं बोलून झालंय, नवऱ्याचं मत अजूनही तुमच्यासारखंच आहे.

नोकरीचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. मोठ्या विद्यापीठांत पूर्ण वेळाचे कोच असतात, पण पुष्कळ ठिकाणी हे काम अर्धवेळ आहे आणि कोच दिवसा दुसरी नोकरी करतात. लेकीच्या आधीच्या असिस्टंट कोचचंही तसंच होतं. दिवसभर काम करून संध्याकाळी सातला सरावाला यायचे. त्यांच्या चुकीचा विचार करताना हे मी विसरत नाही. विद्यापीठानं अर्ध्या पगारात पूर्ण जबाबदारी एका दमलेल्या माणसावर टाकली होती.

पण तुम्ही म्हणता तशी ती बाजूला झाली, तरी तो संघ उद्याही सरावाला येणार आहेच. दुसऱ्या कुणाची तरी मुलगी मागे उभी असणार आहे. ज्या मुलीनं डोक्यावर कोपर खाल्लंय, सहा आठवडे संघाबाहेर काढलेत आणि तरी तो खेळ जिला मनापासून आवडतो, तिनं तिथं उभं राहावं की नाही? मी आई आहे, मला भीती वाटते. पण याचं उत्तर मला "राहावं" असंच येतं.

---

जुना_बेस

मी नाशिकचा, २०११ ला एमएस करायला आलो. जिममध्ये वजनं उचलत होतो तर चिअर संघाच्या कोचनी येऊन विचारलं, माणूस उचलशील का? मी हसलो, पण गेलो. दोन वर्षं मिश्र संघात बेस होतो. घरी सांगितलं नव्हतं, वडिलांना फोटो दिसला तेव्हा कळलं.

वजन उचलणं आणि माणूस उचलणं यांत फार फरक आहे. लोखंड घाबरत नाही. पहिल्यांदा फ्लायर माझ्या एका हातावर उभी राहिली तेव्हा तिच्या बुटाचा तळ माझ्या तळहातावर थरथरत होता. मला वाटलं तीच थरथरतेय. कोच म्हणाले, "तुझं कोपर सरळ कर, ती स्थिर होईल." केलं, आणि झाली. थरथर माझी होती.

आणि मुलांना हे सांगा, की हा खेळ सुरू झाला तेव्हा त्यात मुली नव्हत्याच. २ नोव्हेंबर १८९८ ला मिनेसोटा विद्यापीठाच्या सामन्यात जॉनी कॅम्बेल नावाच्या विद्यार्थ्यानं प्रेक्षकांपुढे उभं राहून घोषणा द्यायला सुरुवात केली, ती याची सुरुवात धरतात. मुली आल्या त्या १९२३ च्या सुमारास, त्याच विद्यापीठात. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले आयझेनहॉवर वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत चिअरलीडर होते, रेगन युरेका कॉलेजात. दुसऱ्या महायुद्धात मुलं लढायला गेली आणि मैदान मुलींकडे आलं. १९४८ ला लॉरेन्स हर्किमरनी टेक्सासमध्ये पहिलं शिबिर घेतलं तेव्हा बावन्न मुली होत्या आणि एक मुलगा. एनसीए त्यांनीच काढली, तुमची लेक जाते ती डेटोनाची स्पर्धा त्याच संस्थेची.

---

ॲड_मृणाल

सगळ्यांनी "खेळ, खेळ" म्हटलंय, पण कायद्याची बाजू कुणी मांडली नाही. ती थोडक्यात मांडते, कारण कोचची परिस्थिती त्यातूनच आली आहे.

अमेरिकेत १९७२ चा टायटल नाइन कायदा आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगे-मुली असा भेद करता येत नाही, खेळातही नाही. २००९ मध्ये कनेटिकटच्या क्विनिपियाक विद्यापीठानं मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करून स्पर्धात्मक चिअरचा संघ काढायचं ठरवलं. व्हॉलीबॉलच्या मुली आणि त्यांच्या कोच कोर्टात गेल्या. २०१० मध्ये न्यायमूर्ती स्टीफन अंडरहिल यांनी निकाल दिला, की चिअर अजून इतकं विस्कळीत आहे, की या कायद्याखाली मुलींना खेळण्याची खरी संधी म्हणून ते मोजता येणार नाही. पुढे कधी तरी येईल, अशी दारं त्यांनी उघडी ठेवली. २०१२ ला अपिलातही हेच टिकलं.

चिअर करणाऱ्या मुलींना तेव्हा ते फार लागलं. मी तो निकाल वाचलाय आणि मला तो योग्य वाटतो. मुली मेहनत करत नाहीत असं न्यायमूर्ती म्हणतच नव्हते. नियम एक नाहीत, विद्यापीठांना बांधणारी संस्था नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. एनसीएए (एनसीए नव्हे, ही विद्यापीठांच्या खेळांचं नियमन करणारी संस्था) हिच्या खेळांत सरावाचे तास किती ते ठरलेलं असतं. चिअर त्या यादीत नाही. त्यामुळे एखाद्या विद्यापीठात चिअर क्रीडा विभागाखाली असतं, दुसरीकडे विद्यार्थी कल्याणाखाली, आणि कोच किती सांभाळून घेतो त्यावर मुलींची सुरक्षितता. मोठ्या दुखापतींच्या विम्यासाठी सुरक्षेचं प्रमाणपत्र असलेल्या कोचची देखरेख लागते, एवढा एक धागा आहे.

त्या निकालाच्या आसपास दोन नवे खेळ उभे राहिले. ॲक्रोबॅटिक्स अँड टंबलिंग, आणि 'स्टंट' याच नावाचा खेळ. दोन संघ समोरासमोर, घोषणा आणि पॉमपॉम नाहीत, ठरलेले प्रकार, ठरलेले गुण. पहिल्याला एनसीएएनं २०२० मध्ये महिलांच्या नव्यानं पुढे येणाऱ्या खेळांत घेतलं, दुसऱ्याला २०२३ मध्ये. कोच किती फरक पाडतो ते बघायचं तर फेलेशिया मुल्की यांचं नाव शोधा. ऑरेगनला असताना २०११ ते २०१४ चार वर्षं त्यांचा संघ जिंकला. मग त्या टेक्सासच्या बेलर विद्यापीठात गेल्या आणि २०१५ ते २०२४ बेलर दरवर्षी जिंकलं, कोविडमुळे रद्द झालेलं २०२० सोडून.

लेकीनं ही वाटही डोळ्यांसमोर ठेवावी. तिथं पुष्कळ ठिकाणी कोच हा विद्यापीठाचा पूर्ण वेळाचा क्रीडा कोच असतो.

---

लेक्सिंग्टनकर

मृणालताईंच्या मुद्द्याला जोडून. मी केंटकीत राहतो, इथं चिअर म्हणजे गावाचा अभिमान. केंटकी विद्यापीठाच्या संघानं १९८५ पासून यूसीएची चोवीस राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली होती. मे २०२० मध्ये विद्यापीठानं हेड कोच आणि तिन्ही असिस्टंट, सगळ्यांना एका दिवशी काढलं. चौकशीत निघालं, की संघाच्या सहलींमध्ये दारू, नव्या मुलांची मानहानी करणारे प्रकार, नको ते उघडेवाघडे चाळे होत होते आणि कोचनी देखरेख ठेवली नाही. संघाची जबाबदारी नंतर क्रीडा विभागाकडे दिली.

ते दिवस मला आठवतात. माझ्या ऑफिसात माणसं ढसाढसा रडली, कोचवर लोकांचं तेवढं प्रेम होतं. कितीतरी माजी खेळाडूंनी त्यांची बाजू घेतली. मी आतला माणूस नाही, कोण किती चुकलं ते मला ठरवता येणार नाही. पण माझी मुलगी ट्रायआउटला, म्हणजे संघाच्या निवड चाचणीला, उभी राहिली तेव्हा मी भिंतीवरच्या ट्रॉफ्या मोजल्या नाहीत. मी विचारलं, सहलीला कोण बरोबर असतं, रात्री कोण जागं असतं, आणि काही खटकलं तर मुलीनं कोचला सोडून आणखी कुणाकडे जायचं.

---

मीरा_प्लेनो

माझी अकरावीत आहे, पुढच्या वर्षी ट्रायआउट. हा धागा जपून ठेवतेय. केतकीताई, अजून काय विचारावं? तिला फ्लायर व्हायचंय आणि ती हल्ली जेवणच कमी करायला लागली आहे, ही माझी दुसरी काळजी.

---

अनघा_पीटी

मीरा, ती दुसरी काळजी पहिली समजा. फ्लायरला लागते ती ताकद. पोट, पाठ, मांड्या घट्ट धरता आल्या पाहिजेत. उपाशी मुलीला वर गेल्यावर चक्कर येते, हाडं ठिसूळ होतात, पाळी बंद होते. जो कोच मुलींना सगळ्यांसमोर वजनकाट्यावर उभं करतो, तिथं मुलीला घालू नका, तो संघ कितीही मोठा असो. तिच्या डॉक्टरांशी याच आठवड्यात बोला.

---

केतकी_मिडवेस्ट

मीरा, अनघानं सांगितलंय तेच आधी करा. ट्रायआउटला जाल तेव्हा एक पूर्ण सराव बघायला मागा. नाही म्हणाले तर का नाही ते विचारा. ट्रेनर कुठं उभा आहे ते बघा. कुणी पडलं तर सगळे कोणाकडे बघतात ते बघा. आमच्या पहिल्या वर्षी सगळ्या कोचच्या चेहऱ्याकडे बघायच्या, ते चिडलेत का म्हणून. आता पडलेल्या मुलीकडे बघतात.

लेकीचं ठरलं. सोमवारी तिनं कागदावर सही केली, ऑगस्टपासून सुरुवात. नवऱ्यानं तिला एवढंच विचारलं, "हेल्मेट नसतं ना यात?" ती म्हणाली, "नसतं बाबा, आम्ही असतो."

डेटोना अजून तीन आठवड्यांवर आहे आणि तिथं ती अजून खेळाडूच आहे. काल रात्री तिचा फोन आला. सरावात शेवटच्या पिरॅमिडला तिनं स्वतः "डाउन" म्हटलं, चार वर्षांत पहिल्यांदा. फ्लायरचा घोटा तिच्या बोटांत फिरला, एवढंच झालं होतं. बाकी कुणाला दिसलंही नाही. कोचनी विचारलं काय झालं, हिनं सांगितलं. घोट्याची टेप सुटली होती. टेप बदलली, पुन्हा लावला, लागला.

सासऱ्यांना डेटोनाचा व्हिडिओ बघायचाय. सांगलीत तेव्हा रात्रीचे बारा-एक वाजतील, जागा राहीन म्हणालेत. निळ्या टेपचं मनगट शोधायला त्यांना मी सांगून ठेवलंय.

---

दादरचा_सदाशिव

लिंक इथं टाका ताई. आमची पोरंही बघतील.